घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराने फसवले, तर गुन्हा सिद्ध करायचा कसा

स्वयंपाकघर नवे करून देतो म्हणून कंत्राटदाराने आगाऊ रक्कम घेतली, जुना ओटा फोडून ठेवला आणि आठवड्याभरात फोन उचलणे बंद केले, अशी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा एकच उत्तर ऐकावे लागते: "हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, कोर्टात जा." घरात सिमेंटची धूळ आहे, बँकेतली शिल्लक संपली आहे आणि वर हे उत्तर, संताप येणे साहजिक आहे. परंतु या उत्तरामागे कायद्यातील एक खरा भेद आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय केलेली तक्रार पुढे कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर अडते. महाराष्ट्रात अशा प्रकरणात फौजदारी गुन्हा सिद्ध करण्याच्या दृष्टीने पहिल्या दिवसापासून काय करावे, हे येथे क्रमाने मांडले आहे. रक्कम मोठी असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावाच. मात्र वकिलाकडे जाण्यापूर्वी जो पुरावा गोळा व्हायला हवा, तो तुमच्याशिवाय दुसरे कोणी गोळा करू शकत नाही.

आधी भेद समजून घ्या

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे, आणि फसवून एखाद्याला मालमत्ता किंवा पैसे द्यायला लावल्यास कलम ३१८(४) नुसार सात वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. त्या तारखेपूर्वी घडलेल्या कृत्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू होते, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले कलम ४२०.

हा भेद कायद्याने स्वतःच एका उदाहरणातून सांगितला आहे. १८६० च्या दंड संहितेत कलम ४१५ खाली निळीच्या पिकाचा दाखला होता. नीळ पुरवण्याचा मुळीच विचार नसताना "नीळ देतो" असे भासवून एखाद्याने आगाऊ पैसे घेतले, तर ती फसवणूक होय. पण पैसे घेताना देण्याचा विचार होता आणि नंतर त्याने करार मोडला, तर ती फसवणूक नव्हे, त्याच्यावर फक्त दिवाणी दावा होऊ शकतो. निळीच्या जागी मॉड्युलर किचन ठेवा, प्रश्न तोच राहतो. सर्वोच्च न्यायालयानेही हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २००० सालच्या निकालात हेच स्पष्ट केले आहे की, अप्रामाणिक हेतू व्यवहाराच्या आरंभीच असला पाहिजे आणि केवळ वचन पाळले नाही एवढ्यावरून तो गृहीत धरता येत नाही.

म्हणून काम अर्धवट राहिले, हे तुमचे मुख्य म्हणणे असूच शकत नाही. तुम्हाला सिद्ध करायचे आहे ते हे की, ज्या दिवशी पैसे घेतले त्याच दिवशी समोरच्याच्या मनात काम करण्याचा विचार नव्हता, किंवा त्या दिवशी त्याने जाणूनबुजून खोटे सांगितले आणि त्या खोट्यावर विसंबूनच तुम्ही पैसे दिले.

एक कल्पित उदाहरण घेऊ. डोंबिवलीतील एका कुटुंबाने स्वयंपाकघराचे काम ४,५०,००० रुपयांना ठरवले आणि २,७०,००० रुपये आगाऊ दिले. पहिला कंत्राटदार प्लायवूड आणतो, दोन सुतार कामाला लावतो, तीन आठवड्यांनी सुतार गावी निघून जातात, दरम्यान त्याचे दुसऱ्या कामावरचे पैसे अडकतात आणि काम थांबते. तो हलगर्जी असेल, पैशांची भरपाईही त्याच्याकडून मागता येईल, पण त्याला फौजदारी शिक्षा होण्याची शक्यता फार कमी. दुसऱ्या कंत्राटदाराने कोटेशनवर छापलेला जीएसटी क्रमांक भलत्याच व्यवसायाचा आहे, दाखवलेली "आमच्या कामांची" छायाचित्रे परक्यांची आहेत, रक्कम खात्यात जमा झाली त्याच दिवशी बाहेर गेली, कोणत्याही दुकानात एका पैशाच्या मालाची मागणी नोंदवली गेली नाही, आणि त्याच महिन्यात आणखी तीन घरांतून त्याने याच पद्धतीने आगाऊ रकमा उचलल्या. दोन्ही घरांत फुटलेला ओटा सारखाच दिसतो. गुन्हा मात्र दुसऱ्याच घरात झाला आहे.

पहिली पायरी: पैसे देण्यापूर्वीची सगळी वाक्ये एकत्र करा

एक कोरी वही घ्या आणि पहिल्या भेटीपासून पैसे देण्याच्या दिवसापर्यंत कंत्राटदाराने स्वतःविषयी, कामाविषयी आणि मालाविषयी जे जे सांगितले ते तारखेनिशी लिहून काढा. कोण हजर होते, कुठे बसून बोलणे झाले, त्याने काय दाखवले, हेही लिहा. मग प्रत्येक वाक्यापुढे, ते खरे की खोटे हे कसे तपासता येईल याची नोंद करा. मला वाटते की संपूर्ण प्रकरणात याहून महत्त्वाचे दुसरे काम नाही, आणि नेमके हेच काम लोक करत नाहीत. ते पैसे दिल्यानंतरच्या भांडणाचीच कागदपत्रे जमवत बसतात.

तपासण्याची साधने घरबसल्या मिळतात. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढील दहा अक्षर-अंक म्हणजे नोंदणीधारकाचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे, कधीपासून आहे आणि चालू आहे की रद्द झाली आहे, हे कळते. रद्द झालेल्या क्रमांकाचे कोटेशन देऊन त्यावर कर आकारला असेल, तर पैसे घेण्याच्या दिवशीचे एक खोटे तुमच्या हाती आले. "प्रायव्हेट लिमिटेड" असे लिहिले असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती कंपनी आहे का ते पाहा. कार्यालयाचा पत्ता दिला असेल तर तेथे स्वतः जा आणि बाजूच्या दुकानदाराला विचारा. तपासणीच्या प्रत्येक पानाची त्या दिवसाची तारीख दिसेल अशी प्रत काढून ठेवा.

मालाविषयीचे खोटेही याच वर्गात येते. कोटेशनमध्ये मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० या मानकाचा प्लाय, लिहिला आहे आणि प्रत्यक्षात आयएस ३०३ चा साधा प्लाय लावला आहे, अशी शंका असेल तर शटर किंवा ट्रॉलीच्या न दिसणाऱ्या बाजूला फळीवरचा शिक्का शोधा. आयएसआय चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो. शिक्का दिसणारा तुकडा दोन साक्षीदारांसमोर कापून, पाकिटात घालून, त्यावर सह्या घेऊन ठेवा. मात्र एवढ्याने हेतू सिद्ध होत नाही, कारण "दुकानदारानेच मला तसा माल दिला" असा बचाव होऊ शकतो. तेव्हा दुकानाचे बिल मागा. बिल साध्या प्लायचे आणि तुमच्याकडून घेतलेले पैसे मरीन प्लायचे, हे जुळले की बचावाला फारशी जागा उरत नाही. बिलच बनावट निघाले, तर बनावट दस्तऐवजाचे आणि तो खरा म्हणून वापरल्याचे वेगळे गुन्हे, कलम ३३६ आणि ३४० खाली, तक्रारीत मांडता येतात.

दुसरी पायरी: पैशाचा माग

तुमच्या खात्याचा उतारा, प्रत्येक हस्तांतरणाचा यूटीआर (बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक) किंवा यूपीआय क्रमांक, ज्या खात्यात रक्कम गेली त्याचे नाव व आयएफएससी, हे सारे एका तक्त्यात मांडा. रक्कम कंत्राटदाराऐवजी त्याच्या नातेवाइकाच्या किंवा अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर पाठवायला सांगितली असेल, तर तो संदेश जपून ठेवा. रोख दिली असेल तर त्याच दिवशी बँकेतून काढल्याची नोंद, हजर असलेले साक्षीदार आणि "मिळाले" असा एखादा संदेश, यांना मोल आहे.

त्याच्या खात्यातून पैसा पुढे कुठे गेला, हे तुम्हाला पाहता येणार नाही. बँक तो तपशील पोलिसांना देते. म्हणून तक्रारीतच स्पष्ट मागणी करा की, अमुक खात्याचा रक्कम जमा झाल्यापासून पुढील काही महिन्यांचा उतारा मागवावा आणि त्यातून प्लाय, टाइल्स, हार्डवेअर यांच्या कोणत्याही विक्रेत्याला रक्कम गेली आहे का ते तपासावे. हा प्रश्न तपासी अधिकाऱ्याच्या हाती आयता दिला, तर तपासाला दिशा मिळते.

तिसरी पायरी: इतर फसलेले लोक शोधा

एका घरात काम थांबले तर अडचण असू शकते; एकाच महिन्यात चार घरांत, सारख्याच शब्दांत आणि सारख्याच टक्क्यांनी आगाऊ घेऊन काम थांबले, तर ती पद्धत असते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम १२ आणि १३ नुसार मनाची अवस्था दाखवण्यासाठी, तसेच कृत्य अपघाती होते की हेतुपुरस्सर हे ठरवण्यासाठी सारख्या घटनांची मालिका पुराव्यात आणता येते.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध झालेले एफआयआर पोलीस ठाण्यानुसार पाहता येतात. कंत्राटदाराने ज्या सोसायट्यांची नावे सांगितली होती तेथील सचिवांना भेटा. कधी कधी त्याचे सुतार आणि गवंडीच, मजुरी बुडाल्यामुळे, सगळी हकिगत सांगतात आणि जबाबही द्यायला तयार होतात. इतर तक्रारदार भेटले तर प्रत्येकाने आपापली हकिगत स्वतःच्या शब्दांत लिहावी. एकच मजकूर चार सह्यांनी दिला, तर उलटतपासणीत तो शिकवलेला वाटतो.

चौथी पायरी: घरातला आणि सोसायटीतला पुरावा

फुटलेला ओटा घेऊन महिनोन् महिने राहणे कोणालाच शक्य नाही, लहान मुले किंवा वृद्ध घरात असतील तर मुळीच नाही. तरीही दुसरा कारागीर बोलावण्यापूर्वी दोन दिवस थांबा. प्रत्येक खोलीचे, मोजपट्टी दिसेल असे, छायाचित्रण करा; एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून किती काम झाले आणि त्याची किंमत किती, याचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्या.

सोसायटीच्या गेटवरील नोंदवही अनेकांच्या लक्षातच येत नाही. मजूर कोणत्या दिवशी आले, मालाचा टेम्पो आला की नाही, हे त्या वहीत तिऱ्हाइताच्या हस्ताक्षरात लिहिलेले असते. "रोज चार माणसे कामाला होती" असा बचाव आला, तर ती वही त्याला उत्तर देते. सचिवांना लेखी अर्ज देऊन तिच्या प्रती घ्या आणि सीसीटीव्हीचे चित्रण राखून ठेवण्याची विनंती करा. ते काही दिवसांतच आपोआप पुसले जाते, त्यामुळे हा अर्ज इतर सर्व कामांच्या आधी जायला हवा.

पाचवी पायरी: मोबाइलमधील पुरावा न्यायालयात टिकेल असा ठेवा

स्क्रीनशॉटची छापील प्रत पोलिसांना दाखवायला पुरते, खटल्यात पुरत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचे दोन भाग आहेत. पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, व त्यात नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे नोंद बदललेली नाही हे पडताळण्यासाठी संगणकाने काढलेला संकेतांक, लिहायचे असते. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अर्जुन पंडितराव खोतकर या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात अधोरेखित केली होती, आणि मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नसते, हेही सांगितले होते. तेव्हा ज्या फोनवर बोलणे झाले तो फोन विकू नका, त्यातील संभाषण पुसू नका, आणि पूर्ण संभाषणाची निर्यात करून तिची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. सोयीचे तेवढेच संदेश निवडून देण्याचा मोह टाळा. वगळलेले संदेश विरुद्ध पक्ष हमखास आणतो.

सहावी पायरी: त्याला लेखी प्रश्न विचारा

फोनवर भांडण्यापेक्षा शांत शब्दांत लिहून विचारा: माल कोणत्या दुकानातून मागवला, मागणी कोणत्या तारखेला नोंदवली, बिल क्रमांक काय, माल सध्या कोठे आहे? उत्तर आले तर तेथे जाऊन तपासा. "माल भिवंडीच्या गोदामात अडकला आहे" असे त्याने लिहिले आणि त्या गोदामात त्याच्या नावाची नोंदच नाही असे निघाले, तर ते नंतरचे वर्तन सुरुवातीच्या हेतूवर प्रकाश टाकते.

या काळात स्वतःच्या संदेशांचीही काळजी घ्या. हप्त्याहप्त्याने पैसे परत घेण्याचा नवा करार केला, तर वाद केवळ देण्याघेण्याचा आहे असे म्हणायला त्याला आधार मिळतो. "पैसे दे, नाहीतर गुन्हा दाखल करतो" असे लिहू नका, त्याची हत्यारे अडवून ठेवू नका, समाजमाध्यमांवर त्याला चोर म्हणू नका. उलट तक्रारीसाठी एवढे पुरते.

सातवी पायरी: तक्रार अर्ज

"त्याने काम पूर्ण केले नाही व पैसेही परत देत नाही," असे वाक्य लिहिले की तुमच्याच लेखणीने वाद दिवाणी ठरतो. त्याऐवजी असे लिहा: "दिनांक अमुक रोजी माझ्या राहत्या घरी, माझ्या पत्नीसमक्ष, त्याने स्वतःचा नोंदणीकृत व्यवसाय असल्याचे सांगून अमुक जीएसटी क्रमांकाचे कोटेशन दिले. त्यावर विश्वास ठेवून मी त्याच दिवशी २,७०,००० रुपये अमुक खात्यात पाठवले. तो क्रमांक त्या दिवशी दुसऱ्याच व्यवसायाच्या नावे होता. हे मला माहीत असते तर मी रक्कम दिली नसती." खोटे कथन, त्यावरचा विश्वास, दिलेली रक्कम आणि पहिल्या दिवसाचा हेतू, हे चारही दुवे यात आले. शेवटचे वाक्य अनेकजण गाळतात. ते गाळू नका, कारण फसवणुकीमुळेच पैसे दिले हे सांगणारे तेच वाक्य आहे.

न्याय संहितेचे विश्वासघाताचे कलम ३१६ सरसकट जोडू नका. दिल्ली रेस क्लब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले की फसवणूक आणि विश्वासघात एकाच वस्तुस्थितीवर एकत्र नांदू शकत नाहीत; फसवणुकीत हेतू आरंभीच वाईट असतो, तर विश्वासघातात वस्तू आधी प्रामाणिकपणे सोपवलेली असते आणि नंतर तिचा अपहार होतो. तुम्ही स्वतः विकत घेऊन कंत्राटदाराच्या ताब्यात दिलेल्या टाइल्स, नळ किंवा चिमणी त्याने परस्पर विकली असेल, तर ते विश्वासघाताचे स्वच्छ उदाहरण आहे, आणि हा गुन्हा सिद्ध करणे पुष्कळदा सोपे जाते, कारण खरेदीचे बिल तुमच्या नावावर असते. ही हकिगत अर्जात वेगळ्या परिच्छेदात लिहा.

आठवी पायरी: गुन्हा नोंदवून घेणे

अर्ज देऊन त्याची शिक्क्यासह पोच घ्या. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली ठरवले. मात्र त्याच निकालाने व्यापारी स्वरूपाच्या वादात आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली आहे. तेव्हा चौकशीसाठी बोलावले तर ते टाळाटाळ समजू नका, कागद घेऊन जा. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे म्हणून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असला तरी खबर नोंदवता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवलेल्या खबरीवर मात्र तीन दिवसांत सही करावी लागते, त्यामुळे पुण्यातील सदनिकेचे काम परदेशातून करून घेणाऱ्यांनी व्यवहाराची माहिती असलेल्या येथील नातेवाइकाकडून खबर देणे सोयीचे ठरते.

नोंद नाकारली तर तक्रारीचा सारांश लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांकडे, पाठवा. त्यानंतरही काही झाले नाही तर याच संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. हा क्रम मोडून थेट न्यायालयात गेले तर अर्ज तेथेच अडतो. गुन्हा नोंदला गेला की एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. लगेच अटक होईल अशी अपेक्षा ठेवू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात साधारणपणे कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगितले जाते. त्यावरून प्रकरण दडपले असा अर्थ काढणे चूक आहे.

पैसे परत मिळवण्याचे मार्ग यासोबतच चालू ठेवा, कारण त्यांच्या मुदती फौजदारी तपासासाठी थांबत नाहीत. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जावे लागते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. त्याने परताव्याचा धनादेश दिला आणि तो वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार, असा हिशेब आहे.

तपास सुरू असताना

९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती तुम्हाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवले नाही तर लेखी विचारा. आपल्याकडे तपास बंद करताना ए, बी किंवा सी समरी अहवाल न्यायालयात जातो. ए म्हणजे गुन्हा घडला पण छडा लागला नाही, बी म्हणजे तक्रार खोटी, आणि वाद दिवाणी स्वरूपाचा आहे असे तपासात वाटले तर सहसा सी. असा अहवाल स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते, हे १९८५ च्या भगवंत सिंग निकालापासून ठरलेले आहे. ती नोटीस आली की मुदतीत हरकत अर्ज द्या आणि त्यात केवळ अन्याय झाल्याचे लिहिण्याऐवजी तपासात काय राहून गेले ते नेमके सांगा: कोणत्या खात्याचा उतारा मागवला नाही, कोणत्या सुताराचा जबाब घेतला नाही, कोणत्या दुकानाचे बिल पडताळले नाही, गेटवरील वही ताब्यात घेतली की नाही. पहिल्या पायरीला लिहिलेली वही त्या दिवशी समोर ठेवा. त्यातील प्रत्येक वाक्यापुढची नोंद हीच हरकत अर्जाची मुद्देसूद यादी असते.